अर्धी उपसलेली तलवार

"आणि कुणी 'नाही' म्हणालं तर?"

गेथिनने हे विचारलं तेव्हा इदवाल किटलीत पाणी भरत होते.

"कोण कशाला म्हणेल?"

"समजा म्हणालं. सगळा विधी मला तोंडपाठ आहे. पण 'नाही' आलं तर पुढे काय करायचं, ते कुणीच सांगत नाही."

"साखर किती घालू?"

गेथिन मनातल्या मनात चरफडला. उद्या हा म्हातारा आपल्याला गादीवर बसवणार, आणि आज साध्या प्रश्नाचं उत्तर देत नाही...

गोष्ट वेल्समधली आहे, आणि आजकालचीच. द्रुइड म्हणजे ओकच्या झाडाला, सूर्याला, वाहत्या पाण्याला मानणारे लोक. जुने द्रुइड केव्हाच होऊन गेले. आताचे मोटारीतून येतात, डिकीतून पांढरा झगा काढून जीन्सवर चढवतात, आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी माळावरच्या दगडांच्या रिंगणात जमतात. हसू नका. आपणही सोवळं नेसून कमरेला मोबाइल खोचतोच की.

अशाच एका मंडळीचे इदवाल हे प्रमुख. वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते. आपल्यामागे गादी गेथिनची, असं त्यांनी हिवाळ्यातच सांगून टाकलं होतं.

गेथिनला त्याचं नवल वाटलं नव्हतं. त्याच्याइतकं पाठांतर कुणाचंच नव्हतं. दुसऱ्याचा एक उच्चार चुकला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. एम्रिस त्याच्याच बरोबर शिकायला लागलेला, पण मध्येच गाणी विसरू लागला. गेथिनने त्याला विधीतून काढलं आणि शेकोटीची लाकडं फोडायला बसवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं.

गादीवर बसवण्याची रीत अशी होती. जुन्या प्रमुखाने तलवारीची मूठ धरायची, नव्याने म्यान. पातं अर्धंच उपसायचं. मग जमलेल्यांना तीनदा विचारायचं, "शांती आहे का?" लोकांनी तीनदा "शांती!" म्हटलं की तलवार परत म्यानात, आणि ओकच्या पानांचा मुकुट नव्या प्रमुखाच्या डोक्यावर. अर्ध्या उपसलेल्या पात्यासमोर खोटं बोलायचं नाही, एवढा एकच दंडक.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. रिंगण भरलं. इदवालनी मूठ ओढली, पातं अर्धं बाहेर आलं.

"शांती आहे का?" गेथिनचा आवाज खणखणीत होता. रात्रभर घोकलं होतं त्याने.

"शांती!"

"शांती आहे का?"

"शांती!"

"शांती आहे का?"

"शांती!" आणि त्या गजरात, शेवटी, जरा मागे राहिलेला एक आवाज.

"नाही."

फार मोठा नव्हता. कुठून आला, तेही कळलं नाही. पण ऐकला सगळ्यांनी.

...

 गेथिनने इदवालकडे पाहिलं. त्यांचे ओठ किंचित हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग त्यांनी मूठ सोडून दिली.

सगळा भार एकदम गेथिनच्या हातांवर आला. पातं निसटू नये म्हणून त्याने घाईघाईने मूठ पकडली. इदवाल जाऊन आपल्या घडीच्या खुर्चीवर बसले.

"आता?" गेथिनने दबक्या आवाजात विचारलं.

"आता काय?"

"पातं आत घालू?"

"शांती आहे का?"

"कुणीतरी नाही म्हणतंय."

"मग कसं घालशील?"

"बाहेर काढू?"

"कुणाला मारायचंय?"

गेथिनने पात्याकडे पाहिलं. आत घालता येत नाही, बाहेर काढता येत नाही, खाली ठेवावी तर तेही रीतीत बसत नाही. ही परीक्षा तर नसेल? की म्हाताऱ्यानेच कुणाला तरी पढवून ठेवलंय?

"मी करू काय?"

इदवालनी हनुवटीने लोकांकडे खूण केली आणि डोळे मिटून घेतले.

...

गेथिन सरळ एम्रिसपुढे जाऊन उभा राहिला. दुसरं कोण असणार?

"तू म्हणालास."

"मी 'शांती' म्हणालो. तिन्ही वेळा."

"खरं सांग."

एम्रिसची नजर पात्यावर पडली. 

"म्हणालो शांतीच. पण ते खोटं होतं." तो पात्याकडेच बघत होता. "आई गेली, त्या वर्षी मला एक ओळ आठवत नव्हती. तू लाकडं फोडायला लावलंस. का आठवत नाही, ते नाही विचारलंस."

 हे गेथिनला खरोखरच माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं याचीच त्याला लाज वाटली.

तो पुढे सरकला. शेजारच्या जाड्या माणसाला विचारलं. तोही शांतीच म्हणाला होता. मग त्याने पात्याकडे पाहिलं, आणि पलीकडच्या दगडापाशी उभ्या असलेल्या सख्ख्या भावाशी आपण किती तरी वर्षांत बोललेलो नाही, हे सांगून टाकलं. त्याची बायको म्हणाली, "आता सांगतोस?" आणि तिने स्वतःचं वेगळंच काही काढलं.

असं होत गेलं. ज्याला विचारावं तो 'शांती' म्हणालेला. आणि पातं समोर आलं की मान खाली घालून भलतंच सांगणारा. गेथिन चोर शोधायला निघाला होता. सगळंच रिंगण चोर निघालं, आणि ज्याला शोधत होता तो काही सापडेना. त्याचं डोकं पार बधिर झालं.

रिंगणाच्या कडेला पिवळा रेनकोट घातलेली एक म्हातारी बसली होती. झगा नाही, काही नाही. हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट. बेथान तिचं नाव. या मंडळीत ती पहिल्यांदाच आली होती.

"तुम्ही 'नाही' म्हणालात?" गेथिनने थकून विचारलं.

"हो," ती म्हणाली. "चुकलं का काही?"

"इथे 'शांती' म्हणायची पद्धत आहे."

"असं होय..." ती ओशाळली. "मला कुणी सांगितलं नाही हो. बहीण घेऊन आली. म्हणाली, जरा घराबाहेर पड."

"पण तुम्ही..."

"तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, मी गप्प बसले. दुसऱ्यांदा विचारलंत, तरी गप्प बसले. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा वाटलं, यांना खरंच जाणून घ्यायचं असेल." तिने बिस्कीट रुमालात गुंडाळलं. "मार्चमध्ये माझा मुलगा गेला."

...

गेथिनला दुःखावरची गाणी येत होती. शोकाची येत होती, निरोपाची येत होती. एकही तोंडात आलं नाही.

तो गवतावर बसला, तलवार तशीच अर्धी, मांडीवर आडवी. पुढे काय म्हणायचं असतं ते त्याला आठवेना, आणि आपण विसरलो हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

"काय नाव होतं त्याचं?" त्याने विचारलं.

बेथान बोलू लागली. बोलली ती बोलतच राहिली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागून कुणीतरी येऊन शेजारी बसलं. एम्रिस होता.

"हात अवघडले असतील तुझे," तो म्हणाला. "दे ते टोक इकडे."

गेथिनने म्यानाचं टोक त्याच्या हातात दिलं.  बेथानचं अजून संपलं नव्हतं.

...

दिवस कलला. वर्षातला सर्वांत मोठा दिवस, त्याला काही घाई नव्हती. लोक अजून गेले नव्हते. इथे दोघं, तिथे चौघं असे गवतावर बसून बोलत होते.

इदवाल घडी केलेली खुर्ची काखेत मारून गाडीकडे निघाले होते. गेथिनने तलवार एम्रिसच्या हातात दिली आणि धावत त्यांना गाठलं.

"तुम्ही निघालात?"

"हो. दमलो बाबा."

"पण विधी अर्धाच राहिलाय. मुकुट..."

"त्या दगडावर आहे. पानं जरा सुकलीत उन्हाने."

"अहो, मी प्रमुख झालो की नाही, तेच मला कळत नाहीये!"

"मलाही कधी कळलं नव्हतं."

गेथिन रडकुंडीला आला. सकाळी ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याला आता उभं कुठे राहावं हेही ठाऊक नव्हतं. मागे रिंगणात बेथान मान वळवून त्यालाच शोधत होती.

"बरं, एवढं तरी सांगा," तो म्हणाला. "मूठ सोडताना तुमचे ओठ हलले होते. काय म्हणालात तुम्ही?"

इदवालनी खुर्ची या काखेतून त्या काखेत घेतली.

"शांती," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच मनापासून."