वारुळातला उकाडा

माळावर एकच वारूळ होतं, त्या काळची गोष्ट. तिथली वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करून पोट भरायची. बुरशी वाढताना ऊब सोडते. ती बाहेर जावी म्हणून वाडवडिलांनी वारुळाला धुराडी ठेवली होती. पुढे शेती दसपट वाढली. जागा पुरेना, तेव्हा धुराड्यांतही बुरशी लावली.

मग आत उकाडा वाढला आणि अंडी सुकू लागली.

अंडी सांभाळणारी म्हातारी गोदू म्हणाली, "ही ऊब आपल्याच शेतीची आहे. धुराडी मोकळी करा."

"हे तुला शिकवलं कुणी? मुंग्यांनीच ना?" मुकादम भिकबा गुरकावला. "धुराडी उघडली की त्या आत शिरणार! उकाडा सूर्यामुळे आहे."

वाळवी जन्माची आंधळी. सूर्य एकानेही पाहिला नव्हता, पण माना सगळ्यांनी डोलावल्या.

गोदूने एकटीने खपून एक धुराडं मोकळं केलं. दुपारपर्यंत वारूळ गार झालं, अंड्यांतून पिल्लं निघाली.

"बघा, गेला की उकाडा आपोआप!" भिकबा म्हणाला. "म्हातारी उगाच घाबरवत होती." तेवढ्यात त्याला वाऱ्याची झुळूक लागली आणि तो दचकला. "भोक कुणी पाडलं?"

सगळे माती घेऊन धावले. धुराड्याच्या तोंडाशी गोदू उभी होती.

"अरे, एक तरी मुंगी आली का?" तिने विचारलं.

"ऐकलंत? वाट बघतेय त्यांची!" भिकबा म्हणाला आणि मातीचा पहिला गोळा त्यानेच थापला.