द्रौपदीच्या सुरकुत्या

"बाकीचं राहू द्या, बाबा. सुरकुत्या किती दिवसांत जातील, तेवढं सांगा."

विचारणारा गुणाजी परब. दशावतारात पंचवीस वर्षं द्रौपदी केलेला. त्याचं लुगड्यातलं रूप पाहून एका भल्या माणसाने रीतसर मागणी घातली होती. तो बिचारा अजून बिनलग्नाचा आहे म्हणतात.

पण पन्नाशी आली, मानेची कातडी कासवाशी स्पर्धा करू लागली आणि कंपनीचा मालक म्हणाला, "गुणाजी, परवाच्या जत्रेत द्रौपदी त्या नव्या पोराला. तू कुंती कर."

कुंती!

गुणाजी तडक डोंगरावरच्या मौनीबाबांकडे गेला. पंचक्रोशीत एवढं बोलणारा माणूस दुसरा नव्हता.

"तोंडाचो रंग कशान पुसतंस?" बाबांनी विचारलं.

"कपड्यांच्या साबणाने." गुणाजी घरीदारी रंगमंचावरचीच भाषा बोले.

"शाबास! खोबरेल लावून पुसूक काय झाला? आणि भर उन्हात बोडक्या डोक्यान इलंस. कातडी म्हातारी होतली नाय तर काय?"

"हे माझी बायकोही सांगते. मला लेप हवाय."



मग बाबांनी वारुळाची माती पेजेत कालवली आणि कपाळापासून गळ्यापर्यंत थापली.

"सुकासर तोंड हलवू नको. हसलंस काय सपला!"

आणि घटकाभर बाबांनी एकेक असे किस्से सांगितले, की झाडावरची माकडं पोट धरून खाली उतरली. गुणाजी हसला नाही.

लेप वाळला. गुणाजीने हंड्यातल्या पाण्यात डोकावलं. एक रेघ नाही! कपाळ कसं, घोटून ठेवल्यासारखं.

"द्रौपदी माझीच," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मगे दाखव."

असं म्हणत बाबांनी त्याच्या खांद्यावरच्या पंच्याचं टोक पकडलं आणि दुःशासनासारखं खसकन ओढलं.

पंचवीस वर्षांची सवय ती. गुणाजीचे दोन्ही हात वर गेले. भुवया चढल्या, हनुवटी थरथरली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या... "धाव रे, कृष्णा!" अशी हाक सुटली, की खालच्या वाडीतल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

आणि लेप फुटला. कपाळाची खपली, गालाची खपली... टपाटप पायाशी.

गुणाजी गप्पकन थांबला. उरलेली माती दोन्ही हातांनी गालांवर दाबून धरली.

बाबांच्या मुठीत पंच्याचं टोक तसंच होतं. डोळे पाण्याने भरलेले.

"थांबलंस कित्याक रे, मेल्या?" ते म्हणाले. "कृष्ण अर्ध्या वाटेर इल्लो!"