बांधाखालची चूल

फार फार वर्षांपूर्वी, राजाचा निरोप बैलाच्या पावलाने गावात यायचा तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका, कारण यातली चूक तुमच्या वयाच्या माणसांची आहे. नावं मात्र विचारू नका. नाव कळलं की माणूस म्हणतो, ही दुसऱ्याची गोष्ट, आणि उठून जातो.

डोंगराच्या कुशीत एक भलंमोठं तळं होतं. तळ्याला मातीचा जुना बांध होता आणि बांधाखाली गाव. गावाच्या वरच्या अंगाला, अगदी बांधाच्या पायथ्याशी, एकच घर होतं. तिथे बांधाची राखण करणारी एक विधवा बाई राहायची. गाव तिला आक्का म्हणत असे.

आक्काचं काम सोपं होतं, पण रोजचं होतं. बांधाच्या बुडाशी पाण्याचा एक बारीक पाझर होता. रोज सकाळी त्या पाण्याने लोटा भरायचा, पाणी निवळू द्यायचं आणि तळाशी काय बसतं ते बघायचं. हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. "पाझर स्वच्छ असेल तर बांधाला नुसता घाम येतोय म्हणायचं," सासू सांगायची. "पाझर गढूळ झाला, की बांध आतून वाहून चाललाय. मग गाव उठवायचं. आणि राखणदाराने गाव सोडायचं ते सगळ्यांच्या शेवटी."

आक्काच्या घरात एक चूल होती. ती नवरी होऊन आली त्या दिवसापासून ती कधी विझली नव्हती. रात्री निखारा राखेत झाकायचा, पहाटे फुंकर घालून जागा करायचा. सकाळी तिच्या छपरातून धूर निघाला, की खालच्या बाया म्हणायच्या, "आक्का उठली," आणि मग आपापल्या चुली पेटवायच्या. ही रीत कुणी घालून दिलेली नव्हती. आपसूकच पडली होती.

सुगीचे दिवस होते. तळं काठोकाठ भरलेलं होतं. एका सकाळी लोट्याच्या तळाशी चिमूटभर माती बसली.

आक्काने बांधाची पाणी सोडायची मोरी पुरती उघडली. पण एवढं तळं मोरीने रिकामं व्हायला उन्हाळा उजाडला असता. तिने पाझराच्या तोंडाशी पेंढा आणि मातीच्या पाट्या टाकल्या. दुपारपर्यंत पाण्याने त्या वाहून नेल्या. मग ती लोटा घेऊन तडक चावडीवर गेली.

"पाटील, पाणी गढूळ झालंय. गाव माळावर न्या. आजच्या आज."

पाटलांनी लोट्यात डोकावून पाहिलं. "अगं आक्का, पावसाळा नुकताच सरलाय. पाणी गढूळ नाही तर काय दुधासारखं असणार?"

"तळ्यातलं नाही, पाझराचं आहे हे. तळ्यातलं पाणी निवळून महिना झाला."

"बरं बरं. पण सांगायची काही पद्धत असते की नाही? अशी अंगावर आल्यासारखी बोललीस, तर कोण ऐकेल? खळ्यात धान्य पडलंय लोकांचं. जरा नीट, गोडीने सांग."

आता काय म्हणावं या माणसाला? घर पेटलं तरी हा विचारेल, आग लागल्याचं तू मला खुर्चीवर बसवून का नाही सांगितलंस! पण आक्काला वाटलं, चूक आपलीच असेल. आपल्याला बोलता येत नाही. ती दवंडीवाल्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी लोट्यात करंगळीच्या नखाएवढी माती बसली.

दवंडीवाल्याचा आवाज पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्याने आक्काचं म्हणणं ऐकून घेतलं, त्याला ताल लावला, यमक जुळवलं आणि हलगी घेऊन निघाला. लोक दारात आले. कामं थांबली. काय तो आवाज, काय ती फेक! दवंडी संपली तेव्हा एकीने त्याच्या झोळीत सूपभर ज्वारी ओतली. संध्याकाळपर्यंत पोरं ती दवंडी म्हणत नाचू लागली आणि बाया जात्यावर गुणगुणू लागल्या. गाठोडं मात्र एकाही घरात बांधलं गेलं नाही.

गावात एकानेच दवंडी ऐकली नाही. तो होता म्हातारा विणकर. त्याला कानाने कमी ऐकू यायचं. त्याचं घर गल्लीच्या टोकाला होतं, दार बांधाच्या उलट्या दिशेला, आणि तो दिवसभर दाराकडे पाठ करून मागावर बसलेला असायचा. आक्काच्या लेकीला दहा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती आणि बारशाच्या अंगड्यासाठी तो निळं कापड विणत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते कापड उचलून दाखवायचा आणि बोळक्या तोंडाने हसायचा.

"कशी झाली दवंडी?" दवंडीवाल्याने खुशीत विचारलं.

"झकास झाली," आक्का म्हणाली. "पण उठलं कोण?"

तिसऱ्या दिवशी माती करंगळीच्या एका पेराएवढी झाली.

योगायोगाने त्या दिवशी चित्रांचे पट दाखवत फिरणारा एक माणूस गावात आला होता. आक्काने त्याच्यापुढे हात जोडले. त्याने दोन प्रहरांत कापडावर सगळं रंगवलं. फुटलेला बांध, घरावर घर कोसळतंय, गुरांचे फुगलेले देह, पाण्यात वाहणारा पाळणा. पाराखाली पट उलगडला तेव्हा बायांनी तोंडाला पदर लावला. पाटलांचेही डोळे भरून आले. लोक ढसाढसा रडले, मग सगळे मिळून देवळात गेले, नारळ फोडला, बांधाला साडीचोळीचा नवस बोलले, आणि मन हलकं करून घरी जेवायला गेले.

माणसाचं हे असंच असतं बघा. रडून झालं की त्याला वाटतं, आपण काहीतरी केलं.

त्या संध्याकाळी दवंडीवाला आपण होऊन आक्काकडे आला. चित्रांमुळे त्याचीही झोप उडाली होती. हळू आवाजात तो म्हणाला, "आक्का, मी उद्या दवंडी देतो की शत्रूचं घोडदळ येतंय. तासाभरात गाव रिकामं होईल."

आक्काचं मन डळमळलं, हे मी तुमच्यापासून कशाला लपवू? तिची लेक खालच्या आळीत होती, ओढ्याच्या काठाला, जिथे पाणी सगळ्यात खोल चढणार. बाळंतिणीने बारा दिवस खोली सोडायची नाही म्हणून सासरचे हटून बसले होते.

"नको," शेवटी ती म्हणाली. "घोडदळ आलं म्हटलं तर लोक माळावर नाही, ओढ्याच्या झाडीत लपायला जातील. आणि खोटं सांगून उठवलेलं गाव पुन्हा खऱ्यालाही उठत नाही."

चौथ्या दिवशी पहाटे तिने लोटा भरला. माती बोटभर बसली. पाझराचा आवाजही बदलला होता. आधी तो थेंबथेंब वाजायचा, आता कुणीतरी घसा खाकरल्यासारखा येत होता.

आक्काने चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, त्या पदरात बांधल्या आणि पळतच लेकीकडे गेली. बाळंतिणीच्या खोलीत शिरून तिने लेकीचे पायच धरले.

"चल माझ्याबरोबर. तुझ्या सासूला मी सांगते. पोरीला घेऊन चल."

लेक घाबरून उठून बसली. "आई, पाय काय धरतेस! असं काय करतेस?"

"बांध जाणार आहे."

"चार दिवस ऐकतेय मी. दवंडी ऐकली, पटाचं सांगितलं सासूबाईंनी." लेकीने कुशीतल्या पोरीला जवळ ओढलं. "पण आई, एक सांग. आज सकाळी तू चूल पेटवलीस ना?"

"पेटवली. हे काय, तुझ्यासाठी भाकरी आणलीय."

"मी खिडकीतून धूर बघितला. सासूबाईंनी बघितला, शेजारणीने बघितला. शेजारीण म्हणाली, आक्का काहीही म्हणू दे, तिची चूल तर बांधाच्या बुडाशीच पेटलीय. खरंच धोका असता तर ती बाई तिथे भाकऱ्या थापत बसली असती का? आम्हालाही ते पटलं."

"अगं, मी राखणदारीण! शेवटचं माणूस हलल्याशिवाय मला हलता येत नाही. तुझ्या आजीने सांगितलेलं..."

"ते तुला ठाऊक आहे, आई," लेक म्हणाली. "धुराला कुठे ठाऊक?"

आक्काने खिडकीतून वर आपल्या छपराकडे बघितलं. चार दिवस ती आवाज शोधत फिरली होती. चावडी झाली, हलगी झाली, रंग झाले. आणि चारही दिवस, रोज सकाळी, तिचीच चूल साऱ्या गावाला सांगत होती की सगळं ठीक आहे.

ती उठली. चढण चढून घरी आली. चुलीत विस्तव रसरसत होता. तीस वर्षं जपलेला विस्तव. मग तिने तोच लोटा उचलला आणि गढूळ पाणी चुलीत ओतलं. मोठा फुसकारा झाला, घर राखेने भरून गेलं आणि धूर थांबला. आक्का त्या ओल्या राखेकडे बघून रडली. पण रडत बसली नाही.

तिने डोक्यावर हंडा घेतला, हंड्यात देव ठेवले, काखेत गाठोडं मारलं, शेळीचं दावं हातात धरलं आणि भर सकाळी गावाच्या मधल्या गल्लीतून माळाच्या वाटेला लागली.

पहिल्यांदा पाण्याला निघालेल्या एका बाईने वर पाहिलं. "अगं बाई, आक्काच्या घरावर धूर नाही!"

ते शब्द हलगीच्या पुढे धावले. धूर नाही. चूल विझवली. हंडा घेऊन चाललीय. बायांनी तव्यावरच्या भाकऱ्या अर्ध्या कच्च्याच उतरवल्या. कुणी पोरं उचलली, कुणी गुरांची दावी कापली. लेकीच्या सासूने स्वतः बाळंतिणीला घोंगडीत गुंडाळलं आणि लेकीच्या नवऱ्याने तिला पाठुंगळी घेतलं. सोवळंओवळं दारातच राहिलं.

पाटील धावत आक्कापाशी आले. "आक्का, काय झालं? थांब, नीट सांग तरी!"

आक्का थांबली नाही. ती सांगायला थांबली असती, तर गाव पुन्हा ऐकायला थांबलं असतं.

दवंडीवाला मात्र उलट्या दिशेने पळाला. लांबच्या शिवारातून आक्काचं घर दिसत नसे. हलगी त्याने घरीच टाकली. ना ताल, ना यमक. शेताशेतातून तो एकच शब्द ओरडत गेला, "पळा!" आणि त्या दिवशी त्याच्या दवंडीला लोक उठले.

दुपार कलताना बांध मधोमध खचला. माळावरून लोकांनी पाहिलं. आधी आक्काचं घर गेलं, मग पार, मग चावडी, मग खालची आळी. लेकीच्या खोलीवरून पाणी गेलं तेव्हा आक्काने नातीचं डोकं छातीशी दाबून धरलं. तिची भीती तेव्हाही गेली नव्हती. ती पुन्हा पुन्हा माणसं मोजत होती.

एक माणूस कमी भरत होता.

म्हातारा विणकर. त्याला धूर दिसत नव्हता, आरडाओरडा ऐकू येत नव्हता, आणि घाईत प्रत्येकाला वाटलं की त्याला दुसऱ्या कुणीतरी आणलं असेल. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा माग चिखलात उलटा पडलेला सापडला. त्यावर हातभर निळं कापड अजून तसंच ताणलेलं होतं. बारशाला तेवढंच पुरलं असतं.

खळ्यातलं धान्य गेलं, लंगडी गुरं गेली. पण गाव हळहळलं ते म्हाताऱ्यासाठी. पाटील खाली मान घालून म्हणाले, "चार दिवस होते आपल्या हातात. चौघांनी खाटेवर घालून सहज आणला असता त्याला. आक्का, तू सांगत होतीस, आम्ही ऐकलं नाही."

आक्काने मान हलवली. "तुम्ही ऐकलंत, पाटील. माझं तोंड सांगत होतं ते नाही ऐकलंत, माझी चूल सांगत होती ते ऐकलंत. चार दिवस मी खरं बोलत होते आणि माझी चूल खोटं बोलत होती. पहिल्याच दिवशी ती विझवली असती, तर म्हातारा आज बारशाला असता."

गाव माळावर नव्याने वसलं. पुढे नवा बांध झाला आणि राखणदारीचं काम आक्काच्या लेकीकडे आलं. तिने आजीपासून चालत आलेली रीत बदलली. पाझर गढूळ दिसला, की राखणदाराने आधी आपली चूल विझवायची आणि मग तोंड उघडायचं. शिवाय कानाने अधू असेल त्याच्या घरी एकाने स्वतः जायचं आणि हात धरून उठवायचं. त्या निळ्या कापडाचा तुकडा नव्या घराच्या दारावर बांधलेला असे. कुणी विचारलं तर ती त्याची गोष्ट सांगे, आणि सांगताना दर वेळी एकदा बांधाकडे बघून घेई.

तर ऐकणाऱ्यांनो, एवढंच गाठीला बांधा: तोंड एक सांगत असेल आणि चूल दुसरं, तर जग चुलीवरच विश्वास ठेवतं.