सगुणाक्काचं फाटकं सूप

फार वर्षांपूर्वी, नदीला घाट नव्हता आणि घाटाला देऊळ नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. बोरपांढरी गाव तेव्हाही इथंच होतं, पांढऱ्या मातीच्या टेकाडावर. ती माती इतकी घट्ट, की तिच्यात पाणी मुरत नसे. म्हणून जुन्या लोकांनी टेकाडाच्या पोटात पेवं खणली होती. पेव म्हणजे जमिनीतला भलाथोरला रांजणच. तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल इतकं, आणि पोट खोलीएवढं. आतून कडबा लावायचा, जोंधळा ओतायचा, तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर माणसं झोपत आणि त्यांच्या पाठीखाली जोंधळा झोपे.

पण बंद पेवात वाफ कोंडते. ती दिसत नाही, हाताला लागत नाही आणि उतरलेल्या माणसाला दोन श्वासांत आडवं करते. म्हणून पेव उघडणं हे कुणाचंही काम नव्हतं. ते सगुणाचं काम होतं.

सगुणाचा बाप पेव उघडायचा. तो गेला आणि ते काम तिच्याकडे आलं. नवरा तरणाच वारला, म्हणून ती माहेरी परतली होती. घरात ती आणि धाकटा भाऊ पिराजी. आई त्याला आठवतही नव्हती. त्याला न्हाऊ घातलं ते आक्कानं, भरवलं ते आक्कानं, बदडलं तेही आक्कानंच.

ती सूर्य उगवताना शिळा सरकवायची आणि दुपारपर्यंत पेवाच्या तोंडाशी बसून राहायची. ऊन डोक्यावर आलं की दोरीला दिवा बांधून आत सोडायची. दिवा विझला तर पेव अजून मारतं आहे. दिवा जगला तर माणूसही जगेल. सगुणा नुसत्या वासावरून सांगायची, आज दिवा जगणार की नाही, आणि तिचं कधी चुकलं नाही, असं म्हणतात. तरी दिवा सोडल्याशिवाय ती स्वतः कधी उतरली नाही.

पिराजीला मात्र धीर म्हणून नव्हता. वीस वर्षांचा बाप्या झाला तरी तव्यावरची भाकरी कच्चीच उचलायचा.

"आक्के, किती बसायचं? चल की, उतरू."

"तुझ्या पोटात काय विस्तू पडलाय का रं? थांब. आधी दिव्याला विचारू."

गावात आणखी एक रीत होती. पेव उघडलं की पहिलं सूप पेवाच्या धन्याचं नव्हे. ते दारी आलेल्या परक्याचं. सूप भरेपर्यंत धन्यानं दाण्याला हात लावायचा नाही. आणि सुपातून जे जमिनीवर सांडेल, ते परत पेवात घालायचं नाही, तेही परक्याचंच. एरवी एखादा गोसावी नाहीतर धनगर ते सूप घेऊन जायचा. रीत लहान होती. कुणाला जड जात नव्हती.

मग नदीपलीकडे लढाई पेटली. दोन सरदार एका गढीसाठी भांडत होते. त्यांची नावं आज कुणालाच ठाऊक नाहीत. त्यांच्या फौजा आज या गावातून जायच्या, उद्या त्या गावातून, आणि मागं राख ठेवायच्या. ज्यांचं भांडण नव्हतं त्यांचीच घरं जळाली. आणि एके सकाळी नदीच्या उतारातून माणसं येताना दिसली.

पहिल्या दिवशी शंभरभर आली. दुसऱ्या दिवशी किती, ते सांगणाऱ्यालाही सांगता आलं नाही. कुणाच्या डोक्यावर पाटा होता, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणी घराची कडी तेवढी उपसून आणली होती. निलव्वा नावाची एक म्हातारी कोष्टीण होती. तिच्या कमरेला मागाचा धोटा खोचलेला होता. माग जळाला, घर जळालं, आडवं सूत ओवायचा धोटा तेवढा उरला. ही सगळी माणसं नदीकाठच्या बाभळबनात बसली. पोरं बाभळीच्या शेंगा चघळत होती.

नागोजी पाटलांनी गाव जमवलं. पाटील वाईट माणूस नव्हता.

"पेव एकदा उघडलं की वारा लागतो," ते म्हणाले. "मग ते आठ दिवसांत उपसायलाच लागतं, नाहीतर किडा पडतो. दोन सालं पाऊस नाही झाला तर आपली पोरं काय खातील? ह्यांना किती म्हणून पुरं पडणार आपण?"

खरं होतं ते.

सगुणा उठली. "पाटील, रीत तरी पाळायची का न्हाई? एक पेव उघडते. पहिलं सूप ह्यांचं. जास्त न्हाई मागत."

"एक सूप ना? घे बाई, एक सूप घे."

सगुणानं पटांगणातल्या एका पेवाची शिळा काढली. दुपारी दिवा सोडला, दिवा जगला. निलव्वाच्या गावचे दोघं भरलेली पाटी दोरानं वर ओढायला उभे राहिले. सूप धरायचं काम पिराजीचं. सगुणानं घरून आणलेलं सूप त्याच्या हातात दिलं आणि त्यानं पाहिलं, सुपाचा एक कोपरा उसवलेला. चांगली चार बोटं जातील एवढं भोक.

"आक्के, हे फाटलंय. दुसरं आणू?"

"गप. दिलंय ते धर. आणि त्यांना म्हणावं खाली घोंगडं हातरा."

ती आत उतरली. पाटी वर आली, सुपात ओतली, आणि जोंधळा कोपऱ्यातून सर्रकन घोंगड्यावर आला. दुसरी पाटी आली. तीही गेली. पेवातून सगुणाचा आवाज घुमला, "भरलं का रं, पिऱ्या?"

पिराजीनं सुपाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो पेवात वाकून ओरडला, "न्हाई आक्के, अजून न्हाई!"

विसावी पाटी गेल्यावर पाटील जवळ आले. "सगुणे, सुपाला भोक आहे."

"हाय की," पेवातून उत्तर आलं. "पण भोकाचं सूप चालत न्हाई, असं रीतीत कुठं हाय, पाटील?"

बाभळबनातून आलेली माणसं हसली. घरं जळाल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग गाव हसलं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. "रीत ती रीत," ते म्हणाले. "भरू द्या सूप."

ते सूप त्या दिवशी भरलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पेवाचा तळ लागला, मग सगुणानं शेजारचं पेव उघडलं. गावच्या जात्यांवर परक्या बायका दळू लागल्या, एका जात्याला दोन बोलींतल्या ओव्या. नदीपलीकडून माणसं येतच होती, आणि जितकी माणसं येत तितका पेवांत दाणा वाढे, असं म्हणतात. सहा पेवं झाली. मग सातवं आलं.

त्या सकाळी शिळा नुकतीच काढली होती. सगुणा दिव्याला तेल आणायला घरी गेली होती. तेवढ्यात नवी माणसं टेकाड चढून आली. तीन दिवस त्यांच्या पोटात काही नव्हतं. एका बाईच्या खांद्यावर पोर होतं, ते रडत होतं. पिराजी पाहत होता. मग ते पोर रडायचं थांबलं.

ते गप्प झालेलं पोर त्याला सोसवेना. गावातल्या बायका घरातली भाकरी आणायला धावल्याच होत्या, भाकरी येतच होती. पण त्याला तेवढा धीर कुठला? "एक पाटी काढतो," तो म्हणाला, "एवढ्यात काय होतंय!" आणि पाटी घेऊन पेवात उतरला.

आतून धप्प आवाज आला. मग काहीच नाही.

सगुणा धावत आली. दिवा तिनं तिथंच टाकला. दिव्याला तिनं विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिनं दिव्याला विचारलं नाही. छाती भरून श्वास घेतला, पदर तोंडावर बांधला आणि दोर घेऊन उडी टाकली. आत तिनं तो दोर भावाच्या काखेत आवळला आणि हिसडा दिला. लोकांनी ओढलं. पिराजी वर आला, ओल्या पोत्यासारखा.

आतून आवाज आला, "पोचला का वर?"

"पोचला गं, पोचला!" निलव्वा ओरडली.

लोकांनी दोर पुन्हा सोडला. तो कुणी धरला नाही.

पिराजी शुद्धीवर आला तेव्हा चार माणसं त्याला जमिनीवर दाबून धरून होती आणि पाटील म्हणत होते, "आता कुणी उतरायचं नाही." तो त्यांना चावला. तो पाटलांच्या अंगावर थुंकला. त्यांनी त्याला सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा सोडला. दिवा हललाही नाही, देवळातल्या समईसारखा जळत राहिला. पिराजी स्वतः उतरला. आक्का भिंतीला टेकून बसली होती, तोंड वर उजेडाकडे, दुपार व्हायची वाट बघत रोज बसायची तशी. आणि तिच्याशेजारी पाटी होती. काठोकाठ भरलेली. उरलेल्या श्वासात तिनं पाटी भरून ठेवली होती.

त्यानं आधी तिला वर दिलं. मग पाटी. मग पेवाच्या तोंडावर शिळा सरकवली आणि तो तिच्यावर बसला.

"आता एकबी पेव उघडणार न्हाई," तो म्हणाला. "ह्यांच्यापायी माझी आक्का गेली."

ह्यांच्यापायी नव्हे, हे त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. म्हणूनच तो इतक्या मोठ्यानं ओरडत होता. पेव उघडणारं दुसरं कुणी गावात नव्हतं, आणि त्या मरणानंतर कुणाची छातीही होईना. तीन दिवस चुली विझलेल्या राहिल्या. बाभळबनातल्या माणसांनी गाठोडी बांधली. पुढं नुसता डोंगर होता, खडक आणि निवडुंग. तिकडे गेलेलं माणूस पोचणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी गाठोडी बांधली.

जाताना निलव्वा पिराजीकडे आली. डोक्यावर ती पाटी होती, तशीच भरलेली.

"ही तुझ्या बहिणीची," ती म्हणाली. "आम्हाला गिळवत नाही, लेकरा. आम्ही जातो."

पिराजी पेटला. त्यानं फाटकं सूप उचललं आणि तिच्यापुढं धरलं. "वत! वत ह्यात! एकदा भरा तुमचं सूप आणि चालते व्हा!"

म्हातारीनं पाटी ओतली. जोंधळा कोपऱ्यातून खाली आला. पिराजीनं भोकावर तळहात दाबला, जोंधळा बोटांतून निसटला. त्यानं दोन्ही हातांनी कोपरा आवळला, जोंधळा मनगटावरून वाहिला. पाटी एकच होती. पण ती संपेना, असं म्हणतात. घोट्याएवढी रास झाली, मग गुडघ्याएवढी. दाणा पडतच होता. माणसं डोक्यावरची गाठोडी तशीच धरून बघत राहिली.

आणि त्याच्या पायाखालच्या बंद पेवातून आवाज आला. सगळ्या गावानं ऐकला, असं म्हणतात.

"भरलं का रं, पिऱ्या?"

पिराजीनं आवळलेला कोपरा सोडून दिला. तो शिळेवर बसला, सूप मांडीवर घेऊन, आणि लहान पोरासारखा रडला. बराच वेळ रडला. मग शिळेवर तोंड टेकवून तो म्हणाला, "न्हाई आक्के. अजून न्हाई."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना त्यानं शिळा काढली आणि तोंडाशी बसून राहिला. गाठोडी सुटली होती, माणसं भोवती उभी होती. कुणीतरी घाईनं पुढं आलं.

"थांबा," पिराजी म्हणाला. "आधी दिव्याला विचारू."

तो दुपारपर्यंत हलला नाही. मग त्यानं दिवा सोडला, आणि दिवा जगला. लढाई चालली तितके दिवस बोरपांढरीच्या कुठल्याही पेवात दिवा विझला नाही. पाटलांनी स्वतःच्या अंगणातलं पेव स्वतः दाखवलं. सुपाखाली घोंगडंही त्यांनीच अंथरलं.

लढाई सरली तेव्हा माणसं राखेकडे परत गेली, घरं बांधायला. निलव्वानं धोटा सातव्या पेवाच्या तोंडाशी, सगुणा बसायची त्या जागेवर ठेवला. पुढच्या साली मळणीनंतर ती सगळी आपापल्या गावांहून परत आली. प्रत्येकाच्या हातात नवं कोरं सूप होतं, आणि प्रत्येक सुपाचा एक कोपरा विणायचा सोडलेला होता. पिराजी म्हातारा होऊन मेला. वीस वर्षं ज्याला क्षणाची कळ काढता आली नाही, तो पुढं जन्मभर पेवांच्या तोंडाशी बसून दिव्याची वाट बघत राहिला.

आता पेवांत कुणी जोंधळा ठेवत नाही. पटांगणातलं तेवढं सातवं पेव बुजवलेलं नाही. दर साली मळणी उरकली की गावचा बुरूड एका कोपऱ्यात उघडं सूप विणतो. सकाळी शिळा काढतात, दुपारी दिवा सोडतात, आणि तोवर गावात कुणी जेवत नाही. सूप धरायचा मान गावातल्या एखाद्या धाकट्या भावाचा. घरोघरचा जोंधळा त्या सुपात ओततात, आणि खाली सांडेल तो सगळा बाहेरून आलेल्यांचा. कधी धरणात गाव गेलेली माणसं असतात, कधी पुरातून उठून आलेली, कधी कुठल्या दंगलीतून पळून आलेली. कुठून आलात, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

पाट्या रित्या होत आल्या की सगळं गाव गप्प होतं. पोरंसुद्धा. "भरलं का रं?" हा प्रश्न कुणीच विचारत नाही. सूप धरणारा भाऊ पेवाच्या तोंडाशी कान देऊन थोडा वेळ थांबतो. आणि मग आत वाकून, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडतो, "न्हाई आक्के, अजून न्हाई!"