घटिकापात्र आणि चिमाक्काचा अंगठा

एका राज्यात राजा जन्मत नसे, निवडला जाई. दर पाच वर्षांनी प्रजा रांजणात खडे टाकी. ज्याचे खडे जास्त, तो सिंहासनावर. राजाने आणलेला असो वा प्रजेने, नवा कायदा आधी चौकातल्या हौदाशी वाचला जाई. मग तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यात सोडत. ते बुडायच्या आत कुणी ‘हरकत’ म्हटलं, की बोलकी साळुंकी दोन्ही बाजू ऐकून निवाडा देई; नाहीतर पात्र बुडताच कायदा लागू होई. पात्र राखायला चिमाक्का होती, तोंडाची फटकळ आणि मनाची खमकी.

राजा प्रतापकेतूही खड्यांनीच निवडून आला. त्याने काही मोडलं नाही हो, सगळं रीतसर केलं! पहिला कायदा: साळुंकी तिच्याच सुरक्षेसाठी पिंजऱ्यात असावी. दुसरा: खडे राजाच्या मेहुण्यांनी मोजावेत. तिसरा: पात्राचं भोक सुपारीएवढं असावं. तिन्ही वेळा जो तो शेजाऱ्याकडे बघत राहिला. चिमाक्काही गप्प बसली. गिळलेली हरकत खडा होऊन प्रत्येकाच्या घशात बसली, आणि तो एक शब्द कुणाच्या ओठी येईना.

मग पाच वर्षं सरत आली, तसा चौथा कायदा आला: यापुढे खडे बंद, राजा कायमचा.

पात्र गटागटा पाणी पिऊ लागलं. चिमाक्काने हौदात उडी घेतली आणि भोकाला खालून अंगठा लावला.

“चिमाक्का, भोकाचा कायदा विसरलात?” राजा गरजला.

“नाही, महाराज. भोक तुमचं, अंगठा माझा. अंगठा लावू नये असा कायदा कुठाय? करायचा तर करा, पण त्यालाही हेच पात्र बुडायला हवं.”

पहिल्या दिवशी भालाईत आले. हौदाचं पाणी लागताच भाल्यांची लव्हाळी झाली. दुसऱ्या दिवशी मांत्रिक प्रधानाने पाणी गोठवायला घेतलं; गावातल्या बायकांनी बंबाचं कढत पाणी आणून ओतलं. तिसऱ्या दिवशी राजा स्वतः आला आणि हळूच म्हणाला, “तीनदा गप्प बसलात. आता कसला एवढा ताठा?”

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. लाजेने आणि संतापाने तिला असा ठसका लागला की घशातला खडा टपकन बाहेर पडला.

“हरकत!” चिमाक्का ओरडली.

सगळा चौक खोकू लागला. खडे पडले, हरकती उठल्या, आणि दोन्ही बाजू ऐकून पिंजऱ्यातून साळुंकी बोलली, “चौथा कायदा रद्द.”

प्रजेने लगेच नवा कायदा मांडला: आधीचे तिन्ही रद्द. “बुडव पात्र हाताने!” लोक ओरडले. चिमाक्काने अंगठा फक्त किंचित ढिला केला. पात्र पूर्वीसारखं सावकाश भरू लागलं.

“माझी हरकत आहे,” प्रतापकेतू म्हणाला.

“गप्प बसवा त्याला!”

“खबरदार!” चिमाक्का कडाडली. “बोला, महाराज. पात्र मी धरलंय.”

तिने पुन्हा घट्ट अंगठा लावला. राजा दोन प्रहर बोलला. ती तोवर कंबरभर पाण्यात उभी होती.

साळुंकीने हरकत फेटाळली. पात्र बुडालं, पिंजरा उघडला. लोकांनी आपापल्या घशातले खडे वेचले आणि रांजणाची वाट धरली.