कान्होबुवांची लाल रेघ

“आणि हे सगळं लाल कशानं झालंय, बुवा?”

कान्होबुवांनी भुईमुगाच्या शेंगांवरून मान वर केली. “कोणतं?”

“हे, तुम्ही लिहिलेलं. प्रत्येक शब्दाखाली नागमोडी लाल रेघ आहे.”

“ती होय. ती येतेच.”

“येतेच म्हणजे?”

“चार वर्षं येतेय. एकही शब्द सोडत नाही. फार शिस्तीचं यंत्र आहे.”

शार्दूल संगणकासमोर मांडी घालून बसला होता. टेकडीवरच्या या मठात येऊन त्याला तीन दिवस झाले होते. भाषाशास्त्रात एम.ए., पहिला वर्ग. बुवांना गावोगावहून पत्रं येत, त्यांना उत्तरं लिहायचं काम आपल्याला मिळावं, एवढ्यासाठी तो आला होता. बुवांनी अजून हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. तीन दिवस शेंगा सोलायला बसवलं होतं.

बुवा पूर्वी पोस्टमन होते. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, त्यातलं एकही उघडलं नाही. निवृत्त होऊन टेकडीवर राहायला आले, तर लोक त्यांनाच पत्रं लिहू लागले. पुढं कुणा भक्तानं संगणक आणून दिला. तेव्हापासून पत्रं त्यावर येत आणि उत्तरंही त्यावरूनच जात.

“ही रेघ काय सांगते, असं तुम्हाला वाटतं?”

“सांगत नाही. विचारते. नक्की का, म्हणून.”

“मग तुम्ही काय करता?”

“नक्की असेल तर ठेवतो. नसेल तर पुसतो.”

शार्दूलला हसू आवरेना. मग रागही आला. बुवांचा नाही, यंत्राचा.

“बुवा, ती विचारत नाही. चूक म्हणते. ब्राउझरमध्ये शब्दकोश इंग्रजी ठेवलाय. तुमचा शब्द तो इंग्रजीत शोधतो, सापडला नाही की लाल. ‘आई’ लिहा, लाल. ‘पाणी’ लिहा, लाल.”

“अस्सं.”

“चार वर्षं हे यंत्र तुमच्या भाषेला चूक ठरवतंय, आणि तुम्ही निमूट ऐकून घेताय.”

“मला वाटलं, चौकस आहे.”

“दोन मिनिटं द्या मला.”

त्यानं मराठीचा शब्दकोश उतरवून घेतला. लिहायच्या चौकटीत माउसची उजवी कळ दाबली, भाषांची यादी उघडली, इंग्रजीसमोरची खूण काढून मराठीसमोर केली. उद्या संगणक बंद करून पुन्हा उघडला तरी मराठीच राहील, याचीही खात्री करून घेतली.

लाल रेघा गेल्या.

बुवा वाकून बघत राहिले.

“शांत वाटतंय,” ते म्हणाले.

“न्याय झाला.”

“झाला खरा. हे फार चांगलं केलंस. मला सुचलं नसतं.”

तीन दिवसांत पहिल्यांदाच बुवांनी त्याला चांगलं म्हटलं होतं. शार्दूलला धीर आला.

“मग आता एक पत्र माझ्याकडे द्या. रागावू नका, पण तुमची उत्तरं फार आखूड असतात. लोक पान पान लिहितात आणि तुम्ही एक ओळ टाकून मोकळे होता. त्यांना कसं वाटत असेल?”

“कसं वाटत असेल?”

“दारातूनच परत पाठवल्यासारखं.”

बुवांनी थोडा विचार केला. मग त्या दिवशी सकाळी आलेलं एक पत्र उघडून दिलं.

“हे घे. घाईचं आहे.”

पत्र भालचंद्र निमसे नावाच्या माणसाचं होतं. वय पंचावन्न. नऊ वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नावरून वडिलांशी भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद. वडिलांना ते दादा म्हणत. दादा आता ब्याऐंशीचे. या आठवड्यात ते आपणहून, कुणी न बोलावता, मुलाकडे राहायला आले. चार दिवस झाले, दोघं एका घरात आहेत आणि एक शब्द नाही. आज त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवलीय. उद्या सकाळी साडेसहाच्या एस.टी.नं जातो, असं नातवाला सांगितलंय. ‘काय बोलू तेवढं कळवा,’ असं शेवटी लिहिलं होतं.

शार्दूलनं ते दोनदा वाचलं. मग तो लिहायला लागला आणि दीड तास थांबला नाही.

“झालं, बुवा. एक्केचाळीस ओळी. एकही रेघ लाल नाही.”

बुवा हात झटकून येऊन बसले. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं. सावकाश.

“सुंदर आहे.”

“पाठवू?”

“त्या जुन्या रेघा परत आणता येतील का रे?”

शार्दूलचा चेहरा पडला. पण तो ताठ बसला.

“येतील. मी आणणार नाही. माफ करा, बुवा, पण मराठीखाली ती रेघ मी माझ्या हातानं ओढणार नाही. काम नाही दिलंत तरी चालेल.”

बुवा एकदम खूश झाले.

“नको आणूस. तुझं बरोबर आहे.”

आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं. पहिल्या शब्दाच्या बरोबर खाली.

“‘पितापुत्राचं नातं परमपवित्र असतं.’ ... नक्की?”

“म्हणजे?”

“तुझं तुझ्या वडिलांशी कसं आहे?”

“आम्ही क्रिकेटवर बोलतो.”

“आणि परमपवित्र?”

शार्दूलनं तो शब्द पुसला. उरलेल्या वाक्याकडे बघितलं आणि तेही पुसलं.

बोट पुढं सरकलं.

“‘अहंकाराचं विसर्जन करा.’ तू कधी केलंस?”

“मी सव्वीस वर्षांचा आहे, बुवा.”

“म्हणजे तुला वेळ आहे. निमसेंना उद्या साडेसहापर्यंतच आहे.”

पुसलं.

“‘मौनाच्या तटबंदीला संवादाचं खिंडार पाडा.’” बुवा थांबले. “हे मला आवडलं.”

“मलाही.”

“निमसेंनी पहाटे उठून हे कसं करायचं? कुदळ वगैरे लागेल का?”

शार्दूल हसला. पण ते वाक्य पुसायला त्याला बराच वेळ लागला.

ओळीमागून ओळ गेली. बुवा विचारत, शार्दूल पुसून टाके. विसाव्या ओळीनंतर तो बुवांच्या आधीच पुसू लागला.

“अरे, मी काही म्हणालो नव्हतो.”

“तुमचं बोट थांबलं होतं.”

“मला शिंक येत होती.”

“परत लिहू?”

“राहू दे. तुझी तुला नको झाली ती.”

अठ्ठाविसाव्या ओळीत, एका लांबलचक वाक्याच्या पोटात, एक लहानसं वाक्य दडलं होतं.

“‘दादा, आणखी दोन दिवस राहा, असं म्हणा.’ हे कुठून आणलंस?”

“माहीत नाही. लिहिता लिहिता मध्येच आलं. फार साधं आहे. काढतो.”

बोट हललं नाही.

“नक्की?” बुवांनी विचारलं.

शार्दूलनं पडद्याकडे बघितलं. दाराशी ठेवलेली पिशवी त्याच्या डोळ्यांसमोर आली. ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं स्वतः कपडे घडी करून भरलेली. बिनबोलावता आलेला माणूस. त्याला कुणी राहा म्हणालंच नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “हे काढत नाही.”

“का?”

“हे नक्की आहे.”

बोट पुढं निघालं. पुढच्या तेरा ओळींत मात्र काहीच टिकलं नाही.

शेवटी पडद्यावर तेवढंच राहिलं. मग शार्दूलनं आपण होऊन खाली लिहिलं, ‘आणि पिशवी तुम्ही स्वतः उचलून आत नेऊन ठेवा.’ लिहून झाल्यावर त्यानं स्वतःचंच बोट त्याखाली धरलं, एकेक शब्द पुढं नेलं.

बुवा दुसरीकडे बघत होते.

“पाठवतो,” शार्दूल म्हणाला.

“पाठव. माणूस वाट बघत असेल.”

पत्र गेलं. उन्हं अजून मठाच्या ओट्यावर होती. शार्दूल तोंड धुऊन आला आणि बुवांसमोर बसला. त्याला राहवेना.

“बुवा, मग हे काम मला मिळालं का? उत्तर बरोबर आलंय ना?”

बुवांनी शेंगांची पाटी दोघांच्या मधोमध ओढली.

“उद्या साडेसहाच्या गाडीत एक जागा रिकामी गेली, तर आलंय.”