सोन्याच्या खांबावरचा गुलाब

एका राज्यात राणीला झोप येत नसे. हंसावली तिचं नाव. काळजी एकच: राजकन्या इंदुलेखा चार वर्षांची झाली, तरी बोलत नव्हती. राणीने बालसंगोपनाचे सारे ग्रंथ वाचले होते. प्रत्येक ग्रंथात तिला स्वतःचीच एक नवी चूक सापडे.

चूक खरं तर राजाची होती. कालदंत जादूगाराच्या बागेतून त्याने वेलगुलाबाचा सोन्याचा खांब लुटून आणला होता, टोकावरच्या सोन्याच्या पोपटासकट. जादूगाराने शाप दिला, "या वेलीला बुडापासून शेंड्यापर्यंत फुलं येतील, तेव्हाच तुझी लेक बोलेल." त्या खांबावर वेल सरळसोट चढे, आणि शेंड्याला एकच फूल येई.

एके सकाळी पोपट बोलला.

"राणीसाहेब, तीन कामं करा. खांब ज्याचा त्याला द्या. तलवारी वितळवून रुंद कमान घडवा. मग वेल आडवी वळवून स्वतःच्या हातांनी तिच्यावर बांधा."

"इतकी वर्षं गप्प का होतास?"

"मला कुणी विचारलंच नाही. सगळे वैद्यांना विचारत होते."

राणी वेल सोडवून ठेवून स्वतः जाऊन जादूगाराला खांब देऊन आली. पोपट तेवढा राजवाड्यातच राहिला.

राजा कुरकुरला, "सोनं गेलं. आता तलवारीही?"

"महाराज, तलवारींनी लेक बोलती झाली का?"

राजाने कमरेची तलवार सोडली. लोहारांनी कमान घडवली, तिला लोखंडी पानांची नक्षी केली. पोपट उडून तिच्यावर बसला.

उरली वेल. वारा सुटला तर? फांदी निसटली तर? राणीने चांदीच्या तारेचे तीन-तीन वेढे आवळले. दुसऱ्या दिवशी पानं गळू लागली.

"वेल बांधलीत की चोर?" पोपटाने विचारलं.

राणी ओशाळली. तिने तारा कापल्या. इंदुलेखेचं तान्हेपणीचं दुपटं फाडून पट्ट्या केल्या, आणि आत बोट जाईल इतक्या सैल गाठी मारल्या.

आडव्या फांदीच्या पेरापेरावरच्या डोळ्याला कळी आली. पाहता पाहता कमान बुडापासून शेंड्यापर्यंत लाल झाली. शाप संपला. राजा, प्रधान, वैद्य, सारे राजकन्येच्या तोंडाकडे पाहू लागले. काटे लागू नयेत म्हणून राणीने तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

इंदुलेखेने कमानीतून पलीकडे पाहिलं. मग म्हणाली,

"आई, हात सोड. मला त्या बाजूला जायचंय."